मुलीला खेकड्यांचं वेड लागलं, तेव्हा आम्ही काय केलं

२०१९ च्या जानेवारीत आम्ही शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. ओहोटी होती, समोर चिखलात गुलाबी रांगा लागल्या होत्या आणि लोक एकमेकांच्या दुर्बिणी मागून घेत होते. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. ती कडेला उकिडवी बसून खाली बघत होती. मी दोनदा तिचं तोंड पक्ष्यांकडे वळवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, थांब ना, मोजतेय."

खाली बिळांच्या तोंडाशी नखाएवढे खेकडे उभे होते. नराची एक नांगी एवढीशी आणि दुसरी जवळजवळ अंगाएवढी. ती मोठी नांगी ते सारखी वर-खाली करत होते, लांबून कोणाला हाका माराव्यात तशी. इंग्रजीत यांना फिडलर म्हणतात, हे मला नंतर कळलं. लेकीचा प्रश्न साधा होता: मोठी नांगी काहींची उजवीकडे आणि काहींची डावीकडे का? त्या दिवशी तिने ३१ मोजले. उजवे १७, डावे १४. रात्री जेवताना तिने ते आकडे आजीला सांगितले आणि सकाळी उठून पुन्हा मला विचारले, मी विसरले तर नाही ना म्हणून.

आज ती आठवीत आहे. कपाटात तिच्या ११ वह्या आहेत. ओळखीचे आईबाप विचारतात, कुठला क्लास लावलात? मी फोर्टातल्या एका बँकेत कारकून आहे, नवरा छापखान्यात आहे, घरात शास्त्राचं कोणी नाही. क्लास कुठलाच लावला नाही. जे केलं ते सविस्तर लिहिते. चुकलो तेही लिहिते, कारण तुमचं मूल असं काही घेऊन बसलं असेल तर त्याचाच जास्त उपयोग होईल.

आधी सहा महिने नुसतं बघा

लहान मुलांना डायनोसॉर आवडतात, गाड्या आवडतात आणि ते येतं-जातं. ही आवड त्यातली नाही हे कसं ओळखायचं? मी मार्कांकडे पाहिलं नाही, बुद्ध्यांकाची चाचणीही करून घेतली नाही. तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, कंटाळवाणा भाग मूल आपणहून करतं का? खेकडा बघायला कुठल्याही पोराला मजा येते. उन्हात पाऊण तास उभं राहून उजवे-डावे मोजायला मजा येत नाही. ती ते करत होती, कोणी न सांगता, पुन्हा पुन्हा.

दुसरी, प्रश्न बारीक होत जातात का? आधी विचारलं, नांगी मोठी का? महिन्याने, डावा खेकडा डाव्याशीच भांडतो का? मग पावसाळ्याच्या सुरुवातीला, मोठी नांगी तुटली तर नवी त्याच बाजूला येते का? इथे आमच्या घरातलं सगळं ज्ञान संपलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिशेब जुळला नाही की मुलाला चैन पडत नाही का? आमची मोजणी एका रविवारी एकदम निम्म्यावर आली, तर ती दिवसभर गप्प होती. संध्याकाळी म्हणाली, आपण उशिरा पोचलो, पाणी चढायला लागलं होतं, खेकडे बिळात गेले असणार.

या सहा महिन्यांत काही विकत घेऊ नका. सामान आलं की अपेक्षा येतात. आणि एका विषयात असं मूल सगळीकडेच पुढे असेल असं मुळीच समजू नका. माझ्या लेकीला पाढे उशिरा आले, अक्षर आजही वाईट आहे, पाण्याच्या बाटल्या किती हरवल्या याची गणतीच नाही. यामुळे तिचं खेकड्यांचं ज्ञान कमी ठरत नाही.

काय बंद करायचं ते ठरवा

मुंबईत मुलाचा आठवडा पाहिला तर त्यात बोट शिरायला जागा नसते. शाळा, क्लास, अबॅकस, चित्रकला, स्कॉलरशिपची तयारी, वर बस आणि लोकल. त्यावर आणखी एक विशेष काहीतरी चढवलं तर मूल दमेल आणि पहिलं प्रेम तिथेच संपेल. म्हणून आधी कमी करायला लागतं.

आम्ही अबॅकस बंद केलं आणि सुंदर हस्ताक्षराचा क्लास बंद केला. पोहणं ठेवलं, कारण पाण्याकाठी जाणाऱ्या मुलाला पोहता आलंच पाहिजे. पाचवीची स्कॉलरशिप द्यायची नाही असं ठरलं तेव्हा घरात आठवडाभर बोलणं झालं. सासूबाईंचं म्हणणं होतं की जगात खेकडे विचारत नाहीत, गणित विचारतात. त्यांचं चूक नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की गणित मी रोज अर्धा तास घेईन, ती माझी जबाबदारी. ती मी आजवर पाळली आहे, आणि त्या शब्दावरच त्यांनी नातीला मोकळं सोडलं.

सचिन तेंडुलकरची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण त्यातला एक भाग पटकन सांगून पुढे जातो. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे सराव सुरू झाल्यावर त्याची शाळा बदलून दादरची शारदाश्रम झाली आणि बांद्र्याहून येण्याजाण्यात वेळ जातो म्हणून तो काका-काकूंकडे, शिवाजी पार्कजवळ राहायला गेला. घरच्यांनी त्याचा प्रवासाचा वेळ वाचवला. हे प्रत्येकाला जमणार नाही. पण मुलाची आवड घरापासून चालत जाण्याइतकी जवळ कुठे भागेल, हे शोधणं जमतं. आमच्या नशिबाने चिखल जवळ होता.

मोकळा केलेला वेळ मोकळाच राहू द्या. मंगळवारी दुपारी कधी कधी ती नुसती खिडकीत बसलेली असते. मी तिला काम देत नाही.

वही

पुस्तकांच्याही आधी वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. आमच्या वहीत प्रत्येक पानावर तारीख, तिथी, वेळ, जागा, आभाळ कसं होतं आणि मोजणी. त्याखाली उभी रेघ मारून दोन भाग: डावीकडे "दिसलं", उजवीकडे "वाटलं". "खेकडा नांगी हलवतो" हे दिसलं. "खेकडा मादीला बोलावतो" हे वाटलं. ही रेघ मी पहिल्या वर्षी आखून देत होते, पुढे ती स्वतः आखू लागली. दुसरीतलं मूल हे शिकू शकतं. मोठ्या माणसांना जड जातं, मला अजूनही जातं.

त्या वहीतलं शुद्धलेखन दुरुस्त करू नका. बरोबरची खूण करू नका. ती शाळेची वही नाही, हे मुलाला तुमच्या वागण्यातून कळतं.

तिथीचा रकाना कुठून आला ते सांगायला हवं. शिवडी कोळीवाड्यातल्या एका मावशींकडून मी वर्षानुवर्षं मासे घेते. लेक माझ्याबरोबर यायची आणि टोपलीतल्या चिंबोऱ्यांचं पोट बघून नर कुठला, मादी कुठली ते सांगायची. नराच्या पोटावरची घडी निमुळती असते, मादीची रुंद. मावशींना गंमत वाटली. पाणी कधी उतरणार ते तुम्हाला कसं कळतं, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला आणि तिला हिशेब शिकवला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सहाला भरती, तर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप लांब उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार हलत नाही, चिखलही कमी उघडा पडतो.

पाढ्यांना कंटाळणारी माझी मुलगी त्या रात्री कालनिर्णय मांडीवर घेऊन महिनाभराच्या भरत्या काढत बसली होती. मग आम्ही मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक शेजारी ठेवलं. पौर्णिमेला मावशींच्या हिशेबाने सव्वाअकरा येतात, वेळापत्रकात त्याहून उशिराची वेळ होती. कधी अर्धा तास फरक, कधी तासभर. ती मावशींकडे तक्रार घेऊन गेली. मावशी म्हणाल्या, होडी काढायची तर माणूस आधीच बंदरावर असायला हवा, उशिराचा हिशेब काय कामाचा? मग तिने तीन महिने रोजचा फरक लिहिला. ती तिची पहिली स्वतःची शोधाशोध. खेकड्यांपासून ती समुद्राकडे गेली, समुद्रापासून चंद्राकडे, आणि मी तिला भूगोलाचं पुस्तक उघड असं एकदाही म्हटलं नव्हतं.

पाण्याकाठचे नियम

यात सवलत नाही. शिवडीच्या चिखलात उतरायचं नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो. आम्ही कडेवरूनच दुर्बिणीने मोजतो. हाजीअलीला किंवा बांद्र्याला खडकांवर जायचं तर ओहोटीच्या आधी दीड तास पोचायचं आणि पाणी फिरलं की गप्पा सोडून निघायचं. पायात पकड असलेले बंद बूट. समुद्राकडे पाठ करायची नाही. पावसाळ्यात खडकांवर जायचं नाही. दगड उचलला तर जसा होता तसाच, त्याच बाजूने ठेवायचा, कारण त्याच्या पोटाशी जगणारे जीव उन्हात मरतात. शंकूच्या आकाराच्या जिवंत शंखाला हात लावायचा नाही, त्यातले काही डंख मारतात आणि तो विषारी असतो. घरी काही आणायचं नाही. प्रवाळ तर कायद्याने संरक्षित आहेत, पण रिकामा शंखही आम्ही उचलत नाही. संन्यासी खेकड्याला तोच घर म्हणून लागतो.

सामान म्हणाल तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग, जुनी दुर्बीण आणि माझा जुना फोन. पहिल्या तीन वर्षांत सगळं मिळून चार हजारांच्या आत भागलं.

जाणत्या माणसापर्यंत पोचणं

एका टप्प्यावर आईबापांचं काम फक्त पत्ता शोधण्याचं उरतं. सलीम अली दहा-एक वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, ते मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड नावाचे सचिव होते. त्यांनी पक्षी ओळखून दिला आणि मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून संग्रहातले पक्षी त्या मुलाला दाखवले. मला या गोष्टीत मामा फार मोठे वाटतात. आपल्याला येत नाही म्हटल्यावर त्यांनी विषय मिटवला नाही, येणाऱ्याकडे पाठवलं.

ती संस्था १८८३ पासून मुंबईत आहे, आज फोर्टात लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊसमध्ये. किनाऱ्यासाठी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची माणसं २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर घेऊन जीव दाखवतात. माशांवर शिकवणारी केंद्रीय संस्था वर्सोव्याला आहे. ऐरोलीला खाडीकाठी सागरी जैवविविधता केंद्र आहे. गणिताचं किंवा विज्ञानाचं वेड असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, देशातल्या ऑलिंपियाडचं काम तिथून चालतं. ताऱ्यांसाठी वरळीचं नेहरू तारांगण. रेल्वेचं वेड असेल तर तुमच्याच इमारतीत किंवा पुढच्या गल्लीत एखादे निवृत्त मोटरमन असतील, त्यांच्याकडे चहाला जा.

पत्र कसं लिहायचं हे आम्ही चुकत शिकलो. माझी पहिली पाच मेल "माझी मुलगी अतिशय हुशार आहे" अशी सुरू झाली होती. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि ते योग्यच होतं, त्यात विचारलेलं काही नव्हतंच. मग तिला सांगितलं, तूच लिही, एकच प्रश्न, आणि तू काय पाहिलंस ते चार ओळींत. तिने लिहिलं: मी शिवडीला इतके खेकडे मोजले, इतके उजवे, इतके डावे, मोठी नांगी तुटली तर नवी कुठल्या बाजूला येते? चार दिवसांत एका संशोधक बाईंचं उत्तर आलं. फिडलर खेकड्यात साधारणपणे त्याच बाजूला येते. पण नांगीचा टाळीसारखा आवाज काढणारी एक कोळंबी असते, तिची मोठी नांगी गेली तर दुसऱ्या बाजूची छोटी वाढून मोठी होते आणि गेलेल्या जागी छोटी उगवते. शेवटी त्यांनी उलट विचारलं होतं, तुझ्या मोजणीत माद्या का नाहीत?

तिने माद्या मोजल्याच नव्हत्या. त्यांच्या दोन्ही नांग्या लहान, म्हणून नजर तिकडे जातच नव्हती. पुढच्या पानापासून वहीत एक रकाना वाढला.

त्याच बाईंनी पुढे सांगितलं की बहुतेक जातींमध्ये उजवे-डावे साधारण निम्मे-निम्मे असतात आणि काही थोड्या जातींत जवळजवळ सगळे उजवे. लेक त्या संध्याकाळी रडली. म्हणाली, हे आधीच माहीत आहे सगळ्यांना. अशा वेळी "तू तर किती छान मोजलंस" म्हणू नका, मुलाला ती समजूत खोटी वाटते. मी म्हटलं, शिवडीचे मोजलेत का ते विचार. तिने विचारलं.

आणखी एक, सगळा पत्रव्यवहार माझ्या खात्यावरून होतो. भेटीला मी किंवा तिचे बाबा बरोबर असतो, माणूस कितीही मोठा असला तरी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो चढवायचे ते तेरा वर्षांची होईपर्यंत माझ्याच नावाने चढत होते. चांगल्या माणसांना याचं कधी वाईट वाटत नाही.

माझ्याकडून झालेली चूक

ती दहा वर्षांची असताना इमारतीच्या गणपतीत मी तिला व्यासपीठावर उभं केलं. तक्ते केले, शास्त्रीय नावं पाठ करून घेतली. टाळ्या पडल्या. मला इतका आनंद झाला की त्यानंतर प्रत्येक फेरीला मी फोन धरून तिचं चित्रण करायला लागले, नातेवाइकांना पाठवायला लागले. "जरा इकडे बघून सांग ना."

दसऱ्याच्या सुमारास तिने जेट्टीवर यायचं थांबवलं. पोटात दुखतं, अभ्यास आहे, ऊन आहे. दिवाळी गेली. वही टेबलावर बंद पडून होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती. एकदा अंथरुणं घालताना ती म्हणाली, "तू मला बघत असतेस, मग मी खेकडे कशी बघू?"

त्यानंतर जेट्टीवर मी फोन पिशवीतून काढलेला नाही. तिथे मी लोकरीचं विणते. कोणी पाहुणे आले आणि "म्हणून दाखव बरं" म्हणाले तर मीच मध्ये पडते आणि चहा विचारते. चार रविवार मी एकटी जेट्टीवर जाऊन बसले, तिला काही म्हटलं नाही. पाचव्या रविवारी तिने बूट घातले.

शाळेशी भांडू नका, मागायचं ते नेमकं मागा

एका परीक्षेत खेकड्याला पाय किती, याचं उत्तर तिने दहा लिहिलं आणि ते चूक ठरलं. नांग्या धरून पाच जोड्या, म्हणून दहा. मी भांडायला निघाले होते. तिने थांबवलं. मावशींकडून उकडलेल्या चिंबोरीचं अख्खं कवच डब्यात घेऊन गेली आणि मधल्या सुट्टीत बाईंसमोर ठेवलं. गुण बदलले नाहीत, पण बाईंनी ते कवच वर्गात फिरवलं. तेवढं पुरे होतं.

वर्षाच्या सुरुवातीला आम्ही वर्गशिक्षिकांना भेटतो आणि एकच गोष्ट मागतो: उधाणाची सुकती शनिवारी सकाळी आली तर वर्षातून सहा वेळा उशिरा येऊ द्या, बुडालेला अभ्यास आम्ही करून घेऊ. हातात तारखांचा कागद असतो. "आमची मुलगी वेगळी आहे, तिला समजून घ्या" असं म्हटलं तर समोरच्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. सहा तारखा कळतात. वर्ग गाळून पुढे ढकलण्याचा विचार आम्ही केला नाही. तिला खेकड्यांत पुढे जायचं आहे, इतिहासात आणि हिंदीत तिच्या वयाच्या मुलांबरोबर असलेलीच बरी, आणि संध्याकाळी खाली लंगडी खेळायला तीच मुलं लागतात. या विषयांत सत्तर टक्के आले तर आमच्या घरी पेढे आणतात.

आणि तिने सोडलं तर?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. सोडेलही. गेल्या डिसेंबरपासून ती खेकड्यांपेक्षा चिखलातल्या किड्यांच्या नळ्यांकडे जास्त बघते आहे. त्यांचं मराठी नाव मावशींनाही ठाऊक नाही, म्हणून तिने खारदांडा आणि वरळीच्या कोळीवाड्यांत विचारायला सुरुवात केली आहे. एकाच जिवाला तीन ठिकाणी तीन नावं मिळतात. आता नावांची वेगळी वही झाली आहे. यातलं पुढे काय टिकेल ते मी सांगू शकत नाही आणि तिच्याकडे हमी मागत नाही.

जूनमध्ये नववी सुरू होईल. आम्ही तिघांनी बसून ठरवलं आहे ते असं. मंगळवारची दुपार गणिताला जाईल, रविवार समुद्राचाच राहील. अकराही वह्यांची पानं मी बँकेतून आल्यावर एकेक करून फोनवर उतरवून ठेवते आहे, सातवी वही चालू आहे. जेट्टीवर येणार का, असं मी शनिवारी विचारायचं नाही. यायचं असेल तर तिने रात्री तिथी बघून गजर लावायचा, आणि गजर वाजला की मी उठायचं.